इन्स्टॉलर चालू असताना वापरकर्त्याला नेमकी कोणती माहिती दाखवावी?

जोडाक्षर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही एक डेस्कटॉप प्रोग्रॅम सांभाळतो. त्याच्यासोबत एक छोटा डेटाबेस आणि तो चालवणारी सर्व्हिस (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम), अशा दोन्ही गोष्टी वापरकर्त्याच्या संगणकावर बसतात. विंडोजसाठीचा इन्स्टॉलर इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनात बनवलेला आहे आणि फायली योग्य जागी ठेवण्याचे काम तो बिनचूक करतो. तरीही मदतीसाठी येणाऱ्या निरोपांपैकी बरेचसे प्रोग्रॅमविषयी नसतातच, ते इन्स्टॉल होत असतानाच्या काही मिनिटांविषयी असतात. ‘पट्टी शेवटापर्यंत आली आणि तिथेच थांबली आहे, खिडकी बंद करू का?’, ‘नवी आवृत्ती टाकल्यावर आधीच्या नोंदी राहतील ना?’, ‘पूर्ण झाले असे म्हणतो, पण आता उघडायचे कुठून?’ अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. त्यांतला मधला प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण विचारणाऱ्याने बहुतेक वेळा ‘पुढे’ हे बटण आधीच दाबलेले असते.

सध्याचा क्रम असा आहे: स्वागताचा पडदा, परवान्याचा मजकूर, फोल्डरची निवड, घटकांची निवड, लगेच इन्स्टॉलेशन, आणि शेवटी ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झाले’ एवढे एकच वाक्य. फायली उतरत असताना त्यांची नावे इतक्या वेगाने सरकतात की एकही वाचता येत नाही. त्यानंतर डेटाबेस तयार करणारी आमची वेगळी आज्ञा चालते. तेव्हा पट्टी पूर्ण भरलेली असते आणि फक्त ‘कृपया थांबा’ असे दिसते. संगणक जुना असेल किंवा नोंदी भरपूर असतील, तर हा टप्पा बराच वेळ घेतो. काही बिघडले तर ‘डेटाबेस तयार करता आला नाही, कोड १’ असा संदेश येऊन इन्स्टॉलर थांबतो.

यात सुधारणा करायची यावर आमच्या गटात एकमत आहे, पण कोणत्या दिशेने यावर नाही. काहींचे म्हणणे असे की लोक इन्स्टॉलरमधले काहीच वाचत नाहीत, तेव्हा सगळे पडदे काढून एकच ‘इन्स्टॉल करा’ बटण ठेवावे. उरलेल्यांचे म्हणणे असे की जे काही घडते ते सगळे तपशिलासह दाखवावे, म्हणजे वापरकर्त्याला शंका राहणार नाही आणि मदत करणाऱ्यालाही काय झाले ते कळेल. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की कोणत्या पडद्यावर काय लिहावे, काय गाळावे, आणि विशेषतः जुन्या आवृत्तीवर नवी बसवताना वापरकर्त्याला काय सांगणे आवश्यक आहे?

तळटीप

माहिती जास्त द्यावी की कमी, या प्रश्नावर वाद घातला तर तो मिटणार नाही, कारण वेगवेगळ्या पडद्यांसाठी त्याची उत्तरे वेगवेगळी आहेत. प्रत्येक पडद्यासाठी आधी हे ठरवावे की त्या क्षणी वापरकर्त्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे. निर्णय असेल तर त्याला लागणारी माहिती तिथेच, बटणाच्या जवळ असली पाहिजे. निर्णय नसेल, तर तो पडदा बहुधा नकोच आहे. तुमचा स्वागताचा पडदा याच कारणाने काढता येईल. इनो सेटअपच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तर तो मुळातच बंद असतो.

तुमच्या क्रमात मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती घटकांची निवड आणि इन्स्टॉलेशन यांच्यामध्ये. या जागी वापरकर्ता अजून माघार घेऊ शकतो, पुढच्या क्षणी नाही. चांगल्या इन्स्टॉलरांनी ही जागा जपलेली आहे. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या अ‍ॅनाकोंडा या इन्स्टॉलरमध्ये, ‘इन्स्टॉलेशन सुरू करा’ हे बटण दाबेपर्यंत आम्ही तुमच्या डिस्कला हात लावणार नाही, अशा अर्थाचे वाक्य त्या बटणाजवळच असते. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर डिस्कचे विभाजन लिहिण्यापूर्वी कोणकोणत्या विभागांवर काय होणार ते मांडतो, मग ‘बदल डिस्कवर लिहायचे का’ असे विचारतो, आणि तिथे आधीपासून निवडलेले उत्तर ‘नाही’ हे असते. डेबियनमधल्या एपीटीसारखे, आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम बसवण्याचे साधे साधनसुद्धा किती डाउनलोड करावे लागेल आणि नंतर डिस्कवर किती जागा व्यापली जाईल, हे दोन आकडे वेगवेगळे सांगून मगच होकार मागते. हे दोन आकडे एक नसतात हे वापरकर्त्याला कुठेही समजावून सांगावे लागत नाही, दोन ओळींतच ते स्पष्ट होते.

इनो सेटअपमध्ये यासाठी ‘इन्स्टॉल करण्यास तयार’ हे पान आहे. तुम्ही ते बंद केलेले दिसते, ते पुन्हा चालू करा. मात्र जसेच्या तसे ठेवू नका. आपोआप येणारा मजकूर म्हणजे वापरकर्त्याने आत्ताच केलेल्या निवडींची यादी असते: फोल्डर हा, घटक हे, शॉर्टकट इथे. त्याने स्वतः निवडलेले त्याला ठाऊकच असते. त्याला ठाऊक नसते ते म्हणजे त्याने न निवडलेले परिणाम. एक सर्व्हिस कायमची बसणार आहे, ती संगणक सुरू होताच चालू होणार आहे, फायरवॉलमध्ये एखादा नियम टाकला जाणार आहे, डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये न राहता दुसरीकडे ठेवला जाणार आहे, या गोष्टी तिथे आल्या पाहिजेत. ‘अपडेटरेडीमेमो’ हे फंक्शन लिहून त्या पानावरचा मजकूर पूर्णपणे आपल्या हातात घेता येतो.

जुन्या आवृत्तीवर नवी बसवताना तर हे पान नव्यानेच लिहावे लागेल. फोल्डर कोणता, घटक कोणते, हे प्रश्न तेव्हा विचारूच नयेत, आधीची उत्तरे वापरावीत. त्याऐवजी कोणती आवृत्ती सापडली, ती कोणत्या आवृत्तीवर जाणार, नोंदींचे काय होणार, त्यांची प्रत घेतली जाणार का आणि कुठे, आणि नंतर जुन्या आवृत्तीकडे परतता येईल का, एवढे सांगावे. आपण म्हणता तो अस्वस्थ करणारा प्रश्न लोक उशिरा विचारतात, कारण त्याचे उत्तर आधी कुठेच छापलेले नसते.

जागेच्या आकड्याकडेही लक्ष द्या. इन्स्टॉलर स्वतःहून मोजतो तो फक्त त्याच्या पोटातल्या फायलींचा आकार. तुमची आज्ञा नंतर जो डेटाबेस तयार करते तो त्यात धरलेला नसतो. ‘एक्स्ट्रा-डिस्क-स्पेस-रिक्वायर्ड’ या सूचनेत ती वाढीव जागा बाइटमध्ये देता येते. आकडा दाखवताना तो विंडोजच्या फाईल एक्सप्लोररशी जुळला पाहिजे. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून ५०० जीबी लिहिलेली डिस्क तिथे सुमारे ४६५ जीबी दिसते. मॅकओएस मात्र २००९ मधल्या १०.६ आवृत्तीपासून १००० च्या पटीत मोजते. आपला आकडा शेजारच्या खिडकीतल्या आकड्याशी जुळला नाही, तर वापरकर्ता दोन्हींवर अविश्वास दाखवतो.

चढउतार

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त पट्टीविषयी लिहितो, कारण तुमच्याकडे येणारे निरोप वाचता खरी गळती तिथेच दिसते.

प्रगती दाखवणाऱ्या पट्टीवरचे संशोधन जुने आहे. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये दाखवले की काम किती टक्के झाले हे दिसत असले तर लोकांना ती प्रणाली अधिक पसंत पडते. २००७ मध्ये क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. पट्टी शेवटाकडे वेगाने गेली तर तेवढाच वेळ कमी वाटतो, आणि शेवटाजवळ अडखळली तर तो लांबल्यासारखा वाटतो, असे त्यांना आढळले. तुमचा इन्स्टॉलर सर्वांत लांब आणि सर्वांत अनिश्चित टप्पा अगदी शंभर टक्क्यांवर आणून ठेवतो. पूर्ण भरलेली पट्टी ‘काम संपले’ असे सांगत असताना खालची ओळ ‘थांबा’ म्हणते, आणि वापरकर्ता स्वाभाविकपणे पट्टीवर विश्वास ठेवतो. त्याने तेव्हा खिडकी बंद केली तर त्यात त्याची काही चूक नाही.

ज्या आज्ञा इनो सेटअपच्या ‘रन’ विभागात असतात त्या फायली उतरवून झाल्यावर चालतात, म्हणून पट्टी भरलेली राहते. तिथे निदान ‘स्टेटसमेसेज’ हा घटक देऊन ‘डेटाबेस तयार होत आहे’ असे स्पष्ट लिहिता येते, आणि त्या काळापुरती पट्टी सतत सरकणाऱ्या प्रकारची करता येते. पण मला हा तात्पुरता उपाय वाटतो. नोंदींचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम तुमचाच आहे, म्हणजे एकूण नोंदी किती आणि झाल्या किती हे त्याला माहीत असते. ते आकडे इन्स्टॉलरपर्यंत पोहोचवून त्या टप्प्यासाठी स्वतंत्र प्रगतीपान दाखवले, तर ‘१२,००० पैकी ४,५०० नोंदी नव्या रचनेत आणल्या’ अशी खरी ओळ लिहिता येईल. किती वेळ उरला याचा अंदाज मात्र देऊ नका. डिस्कचा वेग, अँटिव्हायरसची तपासणी आणि एकाच वेळी चालणारी इतर कामे यांमुळे तो आकडा पुढेमागे उड्या मारतो, आणि एकदा खोटा ठरलेला अंदाज उरलेल्या खऱ्या माहितीलाही संशयास्पद करतो.

प्रतिसादाच्या वेळेविषयी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी मांडलेल्या मर्यादा इथेही उपयोगी पडतात. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि सुमारे दहा सेकंदांनंतर माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. म्हणून दहा सेकंदांहून जास्त चालणाऱ्या प्रत्येक टप्प्याला स्वतःचे नाव हवे आणि त्याच्यात काहीतरी बदलताना दिसले पाहिजे. त्याहून लहान टप्प्यांची नावे दाखवून काही साधत नाही.

‘रद्द करा’ हे बटणसुद्धा माहितीच देत असते. फायली उतरत असताना ते दाबले तर बसलेल्या फायली काढल्या जातात. नोंदींचे रूपांतर चालू असताना दाबले तर काय होते, हे वापरकर्त्याला कसे कळणार? त्या टप्प्यात थांबणे धोक्याचे असेल तर बटण निष्क्रिय करा आणि बाजूला लिहा: ‘नोंदींचे रूपांतर चालू आहे. हे काम मध्येच थांबवता येत नाही.’ थांबवता येत असेल तर विचारणा करताना परिणाम सांगा. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ एवढ्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी लागणारी कोणतीच माहिती त्या प्रश्नात नसते.

जोडाक्षर

दोघांचेही मनापासून आभार. स्वागताचे पान काढणे आणि तयारीचे पान आणणे यावर आमच्यात आता मतभेद उरलेला नाही. मात्र फायलींच्या नावांची सरकती ओळ काढायला काही सहकारी तयार नाहीत. इन्स्टॉलर कुठे अडकला हे त्या ओळीवरूनच कळते, असा त्यांचा अनुभव आहे. त्रुटीच्या संदेशाबद्दलही कुणीतरी लिहावे अशी विनंती आहे.

पारदर्शक

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ती माहिती हवीच, पण पडद्यावर नको. कोणत्या फाईलवर इन्स्टॉलर अडकला हे ज्याला उपयोगी पडते, तो माणूस बहुतेक वेळा त्या पडद्यासमोर नसतो, तो मदत करणारा असतो. त्याच्यासाठी लॉग फाईल, म्हणजे काय काय घडले ते टिपून ठेवणारी फाईल आहे. इनो सेटअपमध्ये ‘सेटअपलॉगिंग’ चालू केले की प्रत्येक वेळी तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये लॉग आपोआप लिहिला जातो. त्यात वेळेसह प्रत्येक फाईलची नोंद असते, आणि डोळ्यांसमोरून सरकून गेलेल्या ओळीपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह असते. एनएसआयएस हे इन्स्टॉलर बनवण्याचे दुसरे साधन वापरणारे लोक ‘तपशील दाखवा’ असे बटण ठेवतात आणि यादी मिटलेली ठेवतात, तेही योग्य आहे. पडद्यावर मात्र टप्प्याचे नावच असावे.

पडदा स्क्रीन रीडरच्या मदतीने ऐकणाऱ्या व्यक्तीसाठीही हा बदल आवश्यक आहे. सेकंदाला अनेकदा बदलणारी ओळ वाचून दाखवली तर नुसता गोंगाट होतो, आणि वाचून दाखवली नाही तर काहीच कळत नाही. टप्प्याचे नाव बदलले की तेवढेच ऐकू येणे हे दोन्हींपेक्षा बरे. वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या २०१८ मधल्या २.१ या आवृत्तीत, स्थितीदर्शक संदेश फोकस न हलवता सहायक साधनापर्यंत पोहोचले पाहिजेत अशी अट आहे. अर्थ केवळ रंगातून सांगू नये ही अटही तिथे आहे. ती तत्त्वे वेबसाठी लिहिलेली असली तरी इन्स्टॉलरला ती तितकीच लागू पडतात. पट्टी लाल झाली म्हणजे काम फसले, हे ज्याला रंग दिसत नाही त्याला शब्दांतच सांगावे लागेल.

आता त्रुटीबद्दल. ‘विंडोज इन्स्टॉलर’ या विंडोजमधल्या अंगभूत सोयीचा १६०३ हा कोड ज्यांनी हाताळला आहे त्यांना ठाऊक आहे की त्याचा अर्थ ‘इन्स्टॉल करताना गंभीर त्रुटी आली’ इतकाच असतो. खरे कारण शोधायचे तर सविस्तर लॉग घ्यावा लागतो, त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावे लागतात आणि त्याच्या वरच्या ओळी वाचाव्या लागतात. हे काम सामान्य वापरकर्त्यावर टाकणे अन्यायाचे आहे. याउलट १६१८ या कोडचा अर्थ नेमका आहे: दुसरे एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. ते संपू द्या आणि पुन्हा प्रयत्न करा, असा उपाय त्यातून लगेच सांगता येतो. तुमचा ‘कोड १’ पहिल्या प्रकारातला आहे आणि तो दुसऱ्या प्रकारात आणणे तुमच्याच हातात आहे. डेटाबेस तयार न होण्याची कारणे मोजकीच असतात: डिस्क भरली, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही, सर्व्हिसला हवा असलेला पोर्ट (जोडणीसाठीचा क्रमांक) दुसरा प्रोग्रॅम वापरतो आहे, किंवा जुनी डेटाबेस फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडून ठेवली आहे. तुमच्या आज्ञेने यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा कोड परत करावा आणि इन्स्टॉलरने प्रत्येकासाठी वेगळे वाक्य दाखवावे.

अशा संदेशात मी काय झाले, तुमच्या डेटाची आता काय स्थिती आहे, आणि पुढे काय करावे, या क्रमाने लिहितो. उदाहरणार्थ: ‘डेटाबेस सर्व्हिस सुरू करता आली नाही, कारण तिला लागणारा पोर्ट दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे. तुमच्या आधीच्या नोंदींना धक्का लागलेला नाही. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा, किंवा दुसरा पोर्ट निवडा.’ याखाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि ‘लॉग फाईल दाखवा’ ही दोन बटणे असावीत. मधले वाक्य बहुतेक इन्स्टॉलरांमध्ये नसते, आणि घाबरलेल्या वापरकर्त्याला नेमके तेच हवे असते.

याहूनही चांगले म्हणजे ही तपासणी एकही फाईल हलवण्यापूर्वी करणे. इनो सेटअपच्या ‘प्रिपेअर-टू-इन्स्टॉल’ या फंक्शनने रिकामी नसलेली ओळ परत केली की इन्स्टॉलर ‘इन्स्टॉल करण्यास तयार’ नंतरच्या ‘इन्स्टॉलची तयारी’ या पानावरच थांबतो आणि ती ओळ दाखवतो. कोणती फाईल कोणत्या प्रोग्रॅमने अडवली आहे हे सांगण्याची सोय विंडोज व्हिस्टापासून रीस्टार्ट मॅनेजरमध्ये आहे, आणि इनो सेटअप ती वापरतो. त्यामुळे ‘काही प्रोग्रॅम बंद करा’ असे मोघम न सांगता त्या प्रोग्रॅमची नावे देता येतात.

चावीवाला

एका वापरकर्त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. अनेक संगणकांवर एकाच वेळी इन्स्टॉल करणाऱ्या व्यवस्थापकाला तुमचा एकही पडदा दिसत नाही. तो ‘व्हेरीसायलेंट’ पर्यायाने इन्स्टॉलर चालवतो आणि त्याच्यापर्यंत दोनच गोष्टी पोहोचतात: बाहेर पडताना मिळालेला कोड आणि लॉग. पडदे सुधारताना या दोन्हींकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.

इनो सेटअपचे कोड बऱ्यापैकी अर्थपूर्ण आहेत. ० म्हणजे यश, २ म्हणजे इन्स्टॉलेशन सुरू होण्यापूर्वी रद्द केले, ५ म्हणजे चालू असताना रद्द केले, ७ म्हणजे तयारीच्या टप्प्यावरच पुढे जाता येणार नाही असे ठरले, आणि ८ म्हणजे तसेच, पण त्यासाठी आधी रीस्टार्ट हवा. शेवटचे दोन कोड पारदर्शक यांनी सांगितलेल्या पूर्वतपासणीतून येतात, म्हणजे ती तपासणी केल्याने व्यवस्थापकालाही जास्त नेमके उत्तर मिळते. विंडोज इन्स्टॉलरच्या एमएसआय पॅकेजमध्ये ३०१० या कोडचा अर्थ ‘यशस्वी, पण रीस्टार्ट बाकी’ असा असतो आणि बहुतेक वितरण साधनांना तो ओळखता येतो. इनो सेटअपमध्ये ‘रीस्टार्टएक्झिटकोड’ या पर्यायाने तोच आकडा परत करता येतो. हे पर्याय तुमच्या मदतपुस्तिकेत लिहा. आणि मूक पद्धतीत संदेशखिडक्या उघडू द्यायच्या नसतील तर ‘सप्रेस-मेसेज-बॉक्सेस’ हा पर्यायही द्यावा लागतो, हे आवर्जून नमूद करा. अन्यथा कोणाला न दिसणाऱ्या संगणकावर एक खिडकी उत्तराची वाट पाहत उघडी राहते.

लॉगमध्ये पासवर्ड जाणार नाही याची खात्री करा. डेटाबेस तयार करणाऱ्या आज्ञेला तो आज्ञेच्या ओळीतूनच दिला जात असेल, तर ती ओळ जशीच्या तशी लॉगमध्ये उतरू शकते, आणि वापरकर्ता तीच फाईल विश्वासाने मदतकेंद्राला पाठवतो.

जोडाक्षर

फार उपयोग झाला. आज्ञेचे कोड वेगळे करण्याचे काम सुरू केले आहे. जुन्या आवृत्तीवर नवी बसवतानाच्या तयारीच्या पानाचा मसुदा खाली देत आहे. त्यातील प्रत्येक वाक्य तपासावे अशी विनंती.

‘या संगणकावर आवृत्ती ३ सापडली. ती आवृत्ती ४ वर नेली जाईल. तुमच्या नोंदी जशाच्या तशा राहतील. त्यांची एक प्रत आधी तुमच्या दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये ठेवली जाईल. डेटाबेसची सर्व्हिस या कामापुरती बंद होईल आणि नंतर आपोआप सुरू होईल. डिस्कवर आणखी २४० एमबी जागा लागेल. संगणक रीस्टार्ट करावा लागणार नाही. ‘नवी आवृत्ती बसवा’ हे बटण दाबेपर्यंत काहीही बदलले जाणार नाही.’

तळटीप

मसुदा चांगला आहे आणि बटणावर ‘पुढे’ ऐवजी कृतीचे नाव दिले हे विशेष आवडले. तीन वाक्ये मात्र बदलावीत.

‘नोंदी जशाच्या तशा राहतील’ हे खरे नाही, कारण त्यांचे रूपांतर होणार आहे. खरे वाक्य असे होईल: ‘तुमच्या सर्व नोंदी नव्या रचनेत आणल्या जातील. त्यानंतर त्या आवृत्ती ३ मध्ये उघडता येणार नाहीत. आवृत्ती ३ कडे परतायचे असल्यास आधी घेतलेली प्रत वापरता येईल.’ हे वाचून एखादा वापरकर्ता थांबला तर थांबू द्यावा. त्याला थांबायचे असेल तर ते याच पानावर शक्य आहे.

‘रीस्टार्ट करावा लागणार नाही’ असे आश्वासन इन्स्टॉलर आधी देऊ शकत नाही. एखादी फाईल वापरात असल्यामुळे बदलता आली नाही, तर रीस्टार्टची गरज शेवटीच कळते. ‘चालू असलेले काम आधी सेव्ह करा. क्वचित प्रसंगी रीस्टार्ट करावा लागतो, तसे असल्यास आधी विचारले जाईल’ असे लिहावे.

आणि २४० एमबीमध्ये नोंदींच्या प्रतीची जागा धरली आहे का? ती प्रत प्रत्येकाच्या डेटाबेसएवढी असणार, म्हणजे हा आकडा ठरीव ठेवता येणार नाही. इन्स्टॉलरने पान उघडताना डेटाबेस फाईलचा आकार वाचून तो मिळवावा, आणि प्रतीचा पूर्ण मार्ग तिथेच छापावा. ‘दस्तऐवजांचे फोल्डर’ एवढ्याने भागणार नाही. इन्स्टॉलर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याने चालवला गेला असेल, तर ते फोल्डर त्या खात्याचे असू शकते आणि रोजच्या वापरकर्त्याला प्रत सापडणारच नाही. सर्व खात्यांना वाचता येईल अशी जागा निवडून तोच मार्ग शेवटच्या पानावरही द्यावा, ‘प्रोग्रॅम उघडा’ या पर्यायाच्या खाली.

जोडाक्षर

प्रतीची जागा आकड्यात धरलेली नव्हती, आणि फोल्डरही खरोखर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याचेच निघाले. प्रत आता सर्व खात्यांसाठी असलेल्या प्रोग्रॅमडेटाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, आकडा फाईल वाचून काढतो आहोत, आणि तीनही वाक्ये आपण सुचवल्याप्रमाणे बदलली आहेत. पट्टीचे काम रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने नोंदींचे आकडे देण्यास सुरुवात केल्यावर हाती घेऊ. तोपर्यंत त्या टप्प्यात सरकती पट्टी आणि टप्प्याचे नाव एवढेच दिसेल, आणि ‘रद्द करा’ हे बटण कारणासह निष्क्रिय राहील.